पहिली सौरज्वाला कशी वाचावी: १० सप्टेंबर २०१७ च्या ज्वालेवर सराव

सौरज्वालांची, म्हणजे सूर्यावर अचानक होणाऱ्या स्फोटांची, चित्रं बघायला लागलेले बहुतेक जण १७१ अँगस्ट्रॉम या तरंगलांबीपासून सुरुवात करतात. साहजिक आहे. त्या सोनेरी कमानींवरून नजर हटत नाही. पण ज्वाला समजून घ्यायची असेल तर १७१ ची पाळी खूप उशिरा येते. ज्वालेत तापलेला वायू निवत निवत ६-७ लाख केल्विनपर्यंत उतरला की मग तो या तरंगलांबीत चमकू लागतो. तोवर स्फोट होऊन गेलेला असतो, वेगवान इलेक्ट्रॉन धावून गेलेले असतात, ज्यासाठी आपण बघायला बसलो ते जवळजवळ सगळं उरकलेलं असतं.

नवशिक्यानं एक गोष्ट मनात पक्की केली तर पुढचं सोपं जातं. वेगवेगळ्या तरंगलांबींतली चित्रं म्हणजे एकाच दृश्याचे निरनिराळ्या रंगांतले फोटो नव्हेत. प्रत्येक तरंगलांबी ठरावीक तापमानाचा वायू दाखवते, आणि ज्वालेत तापमान मिनिटागणिक बदलतं. त्यामुळे तरंगलांबी बदलली की आपल्यासमोर ज्वालेचा वेगळा भाग आणि वेगळा टप्पा येतो. कोणत्या मिनिटाला कोणती तरंगलांबी लावायची, हेच शिकायचं असतं.

ते शिकण्यासाठी मी इथे एकच ज्वाला निवडली आहे: १० सप्टेंबर २०१७ ची एक्स८.२ ज्वाला (या प्रतीचा अर्थ पहिल्या पायरीत येईल). ती सूर्याच्या उजव्या, म्हणजे पश्चिम कडेवर झाली. चकतीच्या मध्यावर होणारी ज्वाला आपल्याला वरून दिसते, त्यामुळे तिच्यातलं काय उंचावर आहे आणि काय खाली, हे कळत नाही. कडेवरची ज्वाला बाजूनं दिसते. त्यातही ही ज्वाला इतकी नेमकी बाजूनं दिसली की पाठ्यपुस्तकातली आकृती आणि यानानं टिपलेलं चित्र शेजारी ठेवून ताडून बघता येतं. माझ्या मते शिकण्यासाठी हिच्याइतकी चांगली ज्वाला दुसरी नाही.

बसण्याआधीची तयारी

संगणक आणि बरं इंटरनेट पुरे. हेलिओव्ह्यूअर या मोफत संकेतस्थळावर तारीख आणि वेळ टाकली की त्या क्षणाचा सूर्य समोर येतो. त्यात थर निवडायचे असतात: एसडीओ हे यान, त्यावरचं एआयए हे उपकरण, आणि मग तरंगलांबी. एसडीओ यान नासानं फेब्रुवारी २०१० मध्ये सोडलं. त्याचा एआयए कॅमेरा अतिनील किरणांच्या टोकाच्या पट्ट्यात सात तरंगलांबींमध्ये दर १२ सेकंदांनी पूर्ण सूर्याचं चित्र घेतो. रंग मात्र संगणकानं दिलेले असतात: १७१ सोनेरी, ३०४ तांबडा, १३१ हिरवट निळा, १९३ ब्राँझसारखा. रंगावरून तापमानाचा अंदाज बांधू नका, आकडा बघा.

सगळ्या वेळा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असतात. भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवायचे. आपल्या ज्वालेचं शिखर १६:०६ यूटीसीला होतं, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे ९:३६. त्या वेळी भारतात सूर्य मावळलेला होता, हे पुढे उपयोगी पडेल.

सूर्याचा प्रकाश पोहोचायला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात, मग वेळ मागे न्यायची का, असं अनेक जण विचारतात. पृथ्वीच्या आसपासच्या सगळ्या यानांना आणि दुर्बिणींना सारखाच उशीर होतो, त्यामुळे त्यांची आपसांत तुलना करताना काही करायची गरज नाही. सोलर ऑर्बिटरसारखं यान सूर्याच्या बरंच जवळ जातं, त्याची नोंद बाजूला ठेवायची असेल तर मात्र हा फरक काढावाच लागतो.

एक वही घ्या. तीन रकाने आखा: वेळ, तरंगलांबी, काय दिसलं. आणि हे सगळं पडद्यावर बघायचं आहे. योग्य सौरफिल्टर नसताना डोळ्यांनी, कॅमेऱ्यानं किंवा दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही बघू नका.

पहिली पायरी: चित्राआधी आलेख

कुठलंही चित्र उघडण्याआधी अमेरिकेच्या गोज उपग्रहांचा क्ष-किरणांचा आलेख बघा. सोलर मॉनिटर या संकेतस्थळावर जुन्या तारखांचे आलेख मिळतात. अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या अंतराळ-हवामान केंद्राच्या संकेतस्थळावर सध्याचा आलेख सतत चालू असतो. त्यातली लाल रेघ १ ते ८ अँगस्ट्रॉमच्या सौम्य क्ष-किरणांची. ज्वालेची प्रत याच रेघेच्या शिखरावरून ठरते. ए, बी, सी, एम, एक्स अशा पाच पायऱ्या, आणि प्रत्येक पायरी आधीचीच्या दहापट. एक्स१ म्हणजे पृथ्वीजवळ दर चौरस मीटरवर ०.०००१ वॅट. आकडा अगदी लहान वाटतो, पण सूर्याच्या नेहमीच्या क्ष-किरणांच्या मानानं ही उडी प्रचंड असते.

१० सप्टेंबरच्या आलेखात तीन वेळा टिपून ठेवा. सुरुवात १५:३५, शिखर १६:०६, शेवट १६:३१. यातली शेवटची वेळ फसवी आहे. शिखरावरून रेघ अर्ध्यापर्यंत उतरली की यादीत ज्वाला ‘संपली’ असं धरतात. ती केवळ नोंदीची सोय आहे. या ज्वालेच्या कमानी दुसऱ्या दिवशीही चमकत होत्या.

आणखी एक घोळ आधीच मिटवू. काही याद्यांत हीच ज्वाला एक्स११ च्या पुढची दाखवलेली असते. जुन्या गोज उपग्रहांच्या आकड्यांना नोआ एक गुणक लावत असे. नव्या उपग्रहांसाठी तो काढला आणि जुने आकडेही त्यानुसार सुधारले. दोन ठिकाणी दोन प्रती दिसल्या तर गोंधळू नका, यादी कोणत्या पद्धतीची आहे ते बघा.

दुसरी पायरी: आठवडाभर मागे जा

ज्वालेची ऊर्जा चुंबकीय क्षेत्रात साठलेली असते. सौरडागांच्या खालून नवं चुंबकीय क्षेत्र वर येतं, जुन्याला रेटतं, पीळ घालतं, आणि ताण साठत जातो. हे बघायला एसडीओवरचं एचएमआय उपकरण लावा. काळा-पांढरा नकाशा दिसेल. पांढरं म्हणजे आपल्याकडे येणारं क्षेत्र, काळं म्हणजे दूर जाणारं.

पण १० सप्टेंबरचा नकाशा लावून उपयोग नाही. कडेवर हे उपकरण तिरकं बघतं आणि आकडे भरवशाचे राहत नाहीत. म्हणून ३ सप्टेंबरवर जा आणि ६ तारखेपर्यंत पुढे या. सक्रिय प्रदेश १२६७३ (सौरडागांच्या प्रत्येक गटाला असा क्रमांक असतो). सुरुवातीला एक साधासा गोल डाग. मग दोन-तीन दिवसांत त्याच्या शेजारी भराभर नवं क्षेत्र उगवतं, आणि काळे-पांढरे भाग एकमेकांत घुसतात. काळं आणि पांढरं जिथे अगदी चिकटून येतं त्या सीमेवर बोट ठेवा. ज्वाला बहुतेक वेळा तिथेच पेटते. याच प्रदेशातून ६ सप्टेंबरला एक्स९.३ आणि १० तारखेला आपली ज्वाला निघाली. मधल्या दिवसांत हा प्रदेश सूर्याबरोबर फिरत कडेवर पोहोचला होता.

तिसरी पायरी: सुरुवात १३१ नं करा

आता १० सप्टेंबर, १५:३५. तरंगलांबी १३१. उजव्या कडेवर, विषुववृत्ताच्या थोडं खाली, चित्र मोठं करा.

१३१ का? या पट्ट्यात लोहाचे जे आयन चमकतात त्यांतले एक साधारण एक कोटी केल्विनला तयार होतात. शांत सूर्यावर एवढं तापमान नसतं, त्यामुळे १३१ मध्ये एरवी फिकट असलेली जागा अचानक उजळली, तर तिथे नुकतीच मोठी ऊर्जा ओतली गेली आहे, असं समजायला हरकत नाही. (याच पट्ट्यात चार लाखांच्या आसपासचा थंड वायूही अंधूक दिसतो, म्हणून पार्श्वभूमीवर कमानींच्या फिकट रेषा असतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष करा.)

एकेक मिनिट पुढे सरका. १५:५० च्या आसपास थांबा, आणि १३१ बरोबरच १९३ आणि १७१ सुद्धा लावून बघा. कडेवरून एक पोकळी वर उठताना दिसेल: आतून काळी, कडेनं उजळ, वर गोल आणि खाली निमुळती. पिळलेल्या चुंबकीय रेषांचा तो जुडगा. १५:५३-१५:५४ च्या सुमारास ती फुगत फुगत वेगानं चौकटीबाहेर निघून जाते. हे दृश्य मी शिकायला आलेल्या प्रत्येकाला अगदी हळू, एकेक चित्र पुढे ढकलत बघायला सांगतो. पोकळी खालून निमुळती का आहे, तिच्या खाली बारीक उजळ रेघ का उरते, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की पुढचं सगळं उलगडतं.

होतं असं: जुडगा वर जातो तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंच्या, उलट दिशांच्या चुंबकीय रेषा खालच्या मोकळ्या जागेत एकमेकींवर येऊन आदळतात. तिथे त्या तुटतात आणि नव्यानं जोडल्या जातात. याला चुंबकीय पुनर्जोडणी म्हणतात. नव्यानं जोडलेल्या रेषांपैकी अर्ध्या वर, जुडग्याबरोबर जातात, अर्ध्या कमानींच्या रूपात खाली झटक्यानं आकसतात. साठलेली चुंबकीय ऊर्जा याच वेळी उष्णतेत, गतीत आणि वेगवान कणांत बदलते.

चौथी पायरी: न दिसणारी काही मिनिटं

१५:५५ च्या पुढची काही मिनिटं सर्वांत हिंस्र. नेमकं याच वेळी एआयएच्या चित्रांतून सर्वांत कमी कळतं. वेग घेतलेले इलेक्ट्रॉन स्वतः अतिनील किरणांत दिसत नाहीत. त्यांचा माग प्रामुख्यानं दोन ठिकाणी लागतो: तीव्र क्ष-किरणांत आणि सूक्ष्मलहरींत.

तीव्र क्ष-किरण म्हणजे साधारण २०-३० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे ऊर्जेचं एकक) वरचे. इलेक्ट्रॉन कमानीवरून खाली येऊन क्रोमोस्फिअरच्या, म्हणजे सूर्याच्या वातावरणातल्या खालच्या थराच्या, दाट वायूवर आपटतात आणि थांबता थांबता हे किरण फेकतात. त्यामुळे चकतीवरच्या ज्वालेत तीव्र क्ष-किरणांचे ठिपके बहुधा कमानीच्या दोन पायांशी दिसतात. १३ जानेवारी १९९२ च्या एका ज्वालेत जपानच्या योहको उपग्रहानं तिसरा ठिपका कमानीच्या माथ्याच्याही वर पकडला. इलेक्ट्रॉनांना वेग वरच मिळतो, याचा तो मोठा पुरावा ठरला.

सूक्ष्मलहरी मात्र चुंबकीय क्षेत्राभोवती घिरट्या घालणाऱ्या इलेक्ट्रॉनांकडून येतात, म्हणून त्यांच्यावरून क्षेत्राची ताकदही काढता येते. आपल्या ज्वालेच्या वेळी कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स व्हॅलीत दिवस होता आणि तिथला ईओव्हीएसए हा रेडिओ दुर्बिणींचा समूह सूर्याकडेच बघत होता. त्याच्या नोंदींवरून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवलं गेलं की ज्वालेच्या जागी करोनातलं, म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या विरळ वातावरणातलं, चुंबकीय क्षेत्र सुमारे दोन मिनिटं दर सेकंदाला साधारण ५ गॉस (चुंबकीय क्षेत्राचं एकक) या वेगानं घटत गेलं. ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून येते हे सगळे मानतच होते. इथे ते क्षेत्र खर्च होताना प्रत्यक्ष मोजलं गेलं. या विषयातला मला सर्वांत आवडणारा निकाल हाच.

नवशिक्याकडे ही उपकरणं नसतात, पण एक युक्ती आहे, आणि तिला फक्त गोजचा आलेख लागतो. नळ आणि बादली डोळ्यांसमोर आणा. तीव्र क्ष-किरण सांगतात नळ किती सोडला आहे, सौम्य क्ष-किरण सांगतात बादलीत किती पाणी जमलं आहे. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यानं क्रोमोस्फिअरचा वायू कोटीच्या घरात तापतो, सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगानं उसळून कमानीत भरतो, आणि मग सौम्य क्ष-किरणांत चमकतो. म्हणून सौम्य क्ष-किरणांची रेघ ज्या मिनिटाला सर्वांत चढी असते, त्याच मिनिटाच्या आसपास तीव्र क्ष-किरणांचं शिखर असतं. हा संबंध १९६८ मध्ये वर्नर न्यूपर्ट यांनी मांडला, आणि तो त्यांच्याच नावानं ओळखला जातो.

आलेख पुन्हा उघडा. शिखर १६:०६ ला आहे, पण सर्वांत उभा चढ कुठे आहे? शिखराच्या आधी. वहीत ती वेळ लिहा आणि तिच्यासमोर ‘इलेक्ट्रॉनांचा मारा’ असं लिहा. प्रत्येक ज्वालेत हे तंतोतंत जुळत नाही, पण अंदाज म्हणून फार उपयोगी आहे.

मध्येच: चित्रातली खोटी चिन्हं

शिखराच्या आसपास १३१ किंवा १९३ मध्ये तुम्हाला उभी पांढरी पट्टी दिसेल आणि उजळ जागेतून फुलीसारख्या निघालेल्या ठिपक्यांच्या ओळी दिसतील. यातलं काहीच सूर्यावर नाही. पट्टी म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रकाश मावेनासा झाल्यावर शेजारच्या पिक्सेलांत सांडलेला विद्युतभार. फुली म्हणजे पातळ फिल्टरला आधार देणाऱ्या बारीक जाळीमुळे झालेलं विवर्तन. मोठ्या ज्वालेत एआयए आपोआप कमी वेळाची चित्रंही मधून मधून घेतो, त्यामुळे चित्रफितीत उजेड लुकलुकल्यासारखा वाटतो. तीही सूर्याची स्पंदनं नव्हेत. अशा चित्रांवरून निष्कर्ष काढणारे बरेच जण दिसतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

पाचवी पायरी: १९३ मधली सुई

आता १६:१० च्या पुढे जा आणि १९३ लावा. कमानींच्या माथ्यावरून एक बारीक, सरळ, उजळ रेघ बाहेरच्या दिशेनं जाताना दिसेल. लगेच १७१ लावा. रेघ नाही. १३१ लावा. आहे.

हा फरक नीट समजून घ्या, कारण सगळा लेख यासाठीच आहे. १९३ च्या पट्ट्यात दोन वेगवेगळ्या तापमानांचं लोह चमकतं. एक साधारण पंधरा लाख केल्विनचं, नेहमीच्या करोनातलं. दुसरं सुमारे दोन कोटी केल्विनचं, फक्त ज्वालेत तयार होणारं. समोरची रेघ कोणाची हे १९३ एकटा सांगू शकत नाही. ती १७१ मध्ये नाही आणि १३१ मध्ये आहे, म्हणून ती तप्त. जिथे पुनर्जोडणी चालू आहे त्या पातळ पडद्याला आपण कडेनं बघतो आहोत. इतका स्वच्छ पडदा फार क्वचित दिसतो.

एका तरंगलांबीवर निकाल देऊ नये, किमान दोन ताडाव्यात, ही सवय इथेच लावून घ्या.

सहावी पायरी: निवत जाणाऱ्या कमानी

इथून पुढे घाई नाही. तास, दोन तास, सहा तास पुढे जा. एकच कमान निवडा आणि ती केव्हा कोणत्या तरंगलांबीत उजळते ते वहीत टिपा. सर्वसाधारण क्रम असा मिळतो: आधी १३१ (एक कोटी), मग ९४ (साठ लाखांच्या आसपास), ३३५ (पंचवीस लाख), २११ (वीस लाख), १९३ (पंधरा लाख), १७१ (सहा-सात लाख), आणि शेवटी ३०४ (पन्नास हजार). ३०४ मध्ये पोहोचेपर्यंत वायू इतका निवतो की दाट गाठी बनून कमानीवरून खाली ओघळू लागतो. त्याला करोनल पाऊस म्हणतात, आणि ३०४ मध्ये तो बघण्यात तासन्‌तास जातात.

एक गोष्ट नवख्यांना हमखास बुचकळ्यात टाकते. एकाच क्षणी १३१ मध्ये कमानी उंच दिसतात आणि १७१ मध्ये बुटक्या. एकच कमान दोन उंचींवर कशी? त्या वेगवेगळ्या कमानी आहेत. पुनर्जोडणीची जागा वर वर सरकत जाते, त्यामुळे ताज्या तप्त कमानी सर्वांत वर तयार होतात आणि आधी झालेल्या त्यांच्याखाली निवत असतात. हेलिओव्ह्यूअरमध्ये १३१ वर १७१ चा थर अर्धपारदर्शक करून ठेवा, म्हणजे वर तप्त आणि खाली निवलेल्या कमानींची चळत एकाच चित्रात दिसेल. १० सप्टेंबरच्या ज्वालेत ही चळत तासागणिक वाढत गेलेली दिसते. म्हणजे यादीत ज्वाला ‘संपल्या’वरही नवी पुनर्जोडणी चालूच होती.

सातवी पायरी: तीच गोष्ट वरून

कडेवरच्या ज्वालेत एक भाग नीट दिसत नाही: कमानींचे पाय. त्यासाठी दुसरी ज्वाला घ्या, ३ ऑक्टोबर २०२४ ची एक्स९.०. सक्रिय प्रदेश १३८४२, जवळजवळ चकतीच्या मध्यावर. सुरुवात १२:०८, शिखर १२:१८ यूटीसी.

१६०० (एआयएचीच, पण त्या सातांबाहेरची तरंगलांबी) आणि ३०४ लावा. दोन तेजस्वी फिती दिसतील, चुंबकीय सीमेच्या दोन्ही बाजूंना. चुंबकीय नकाशा खाली ठेवलात तर एक फीत काळ्या भागावर आणि दुसरी पांढऱ्या भागावर बसलेली आढळेल. नव्या कमानी जसजशा वर आणि बाहेर तयार होतात तसतसे त्यांचे पाय बाहेर सरकतात, म्हणून साधारणपणे फिती एकमेकींपासून दूर जाताना दिसतात. हायड्रोजन-अल्फा फिल्टरची सौरदुर्बीण वापरणाऱ्या हौशी निरीक्षकांना या फिती स्वतःच्या अंगणातूनही टिपता येतात. उदयपूरच्या फतेहसागर तलावातली सौर वेधशाळा आणि कोडाईकनाल इथली वेधशाळा याच तऱ्हेची निरीक्षणं वर्षानुवर्षं करत आल्या आहेत.

आठवी पायरी: रेडिओचा आलेख, थोडक्यात

ई-कॅलिस्टो या जगभर पसरलेल्या लहान रेडिओ केंद्रांच्या जाळ्याचे आलेख खुले आहेत. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर वारंवारता. आधी अक्ष बघा, काही आलेखांत मोठी वारंवारता वर असते, काहींत खाली. वारंवारता प्लाझ्माच्या (विद्युतभारित वायूच्या) घनतेच्या वर्गमुळाबरोबर बदलते, आणि सूर्यापासून दूर जावं तशी घनता घटते. त्यामुळे वारंवारता उतरत जाणं म्हणजे काहीतरी बाहेर निघालं आहे. काही सेकंदांत सरळ कोसळणारी उभी रेघ म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या एक दशांशाहून जास्त वेगानं सुटलेले इलेक्ट्रॉन (प्रकार तीन). कित्येक मिनिटं तिरकी उतरणारी रेघ म्हणजे आघातलहर (प्रकार दोन). सुरुवातीला एवढे दोन ओळखता आले तरी खूप झालं. केंद्र निवडताना मात्र त्या वेळी तिथे दिवस होता ना, हे तपासा. १० सप्टेंबरच्या ज्वालेसाठी भारतातलं केंद्र उघडलंत तर काहीच मिळणार नाही.

नववी पायरी: ज्वाला आणि वादळ वेगळे काढा

बातम्यांत या दोहोंची हमखास सरमिसळ होते. ज्वालेचा प्रकाश आठ मिनिटांत पोहोचतो आणि पृथ्वीच्या दिवस असलेल्या बाजूला आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, बिघडवतो, त्यामुळे लघुलहरींचे रेडिओ संपर्क तुटतात. सप्टेंबर २०१७ च्या त्या दिवसांत कॅरिबियन बेटांवर इर्मा चक्रीवादळाचं मदतकार्य चालू असताना नेमकी हीच अडचण आली. वेगवान प्रोटॉन काही मिनिटांपासून काही तासांत येतात. करोनातून सुटलेला प्लाझ्माचा ढग, म्हणजे सीएमई, पोहोचायला बहुधा एक ते तीन दिवस घेतो, आणि भूचुंबकीय वादळ घडवतो तो हा ढग.

याचा सर्वांत जुना धडा मुंबईशी जोडलेला आहे. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन आणि रिचर्ड हॉजसन यांनी स्वतंत्रपणे सौरडागांवर साध्या प्रकाशातला लखलखाट पाहिला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ सुरू झालं. कुलाब्याच्या वेधशाळेत त्या वेळी चुंबकीय नोंदी हातानं घेतल्या जात होत्या. त्यांत क्षेत्राची जी घसरण नोंदली गेली ती सुमारे १६०० नॅनोटेस्ला होती, आणि त्या वादळाची तीव्रता ठरवताना शास्त्रज्ञ आजही त्याच नोंदीकडे वळतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ही वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली. ती तिथे अजून चालू आहे.

सीएमई बघायला सोहो यानाचं लॅस्को उपकरण लावा. ते सूर्याची चकती झाकून भोवतालचा करोना दाखवतं. १० सप्टेंबरला १६:०० च्या चित्रापासून पुढे जा. उजवीकडून निघालेला ढग सेकंदाला सुमारे ३००० किलोमीटर वेगाचा होता, लॅस्कोनं पाहिलेल्या अतिवेगवान ढगांपैकी एक. थोड्या वेळानं चित्रावर पांढरे ठिपके आणि रेघोट्या उमटायला लागतात. ते यानाच्या सेन्सरवर आदळणारे प्रोटॉन. त्या दिवशी जमिनीवरच्या न्यूट्रॉन मापकांनाही वाढ जाणवली, आणि अवकाशातल्या फर्मी या गॅमा-किरण दुर्बिणीला सूर्याकडून येणारे गॅमा किरण बारा तासांहून जास्त काळ दिसत राहिले.

पुढचा सराव: आदित्यची ज्वाला

हे सगळं एकदा जमलं की २२ फेब्रुवारी २०२४ ची एक्स६.३ ज्वाला घ्या. शिखर २२:३४ यूटीसी, आपल्याकडे २३ तारखेच्या पहाटेचे ४:०४. आदित्य-एल१ यान त्याच वर्षी ६ जानेवारीला आपल्या जागी पोहोचलं होतं, आणि त्यावरच्या सूट या दुर्बिणीनं ही ज्वाला पकडली. सूट पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत तयार झाली. २०० ते ४०० नॅनोमीटरच्या अतिनील पट्ट्यात अकरा फिल्टरांतून ती पूर्ण चकती बघते. या पट्ट्यात मोठ्या ज्वालांची अशी निरीक्षणं आधी जवळपास नव्हतीच. एआयए प्रामुख्यानं वरचा तप्त करोना दाखवतो, तर सूट खालच्या थरांत ज्वालेचा घाव नेमका कुठे बसला ते दाखवते. त्याच यानावरची सोलेक्स आणि हेलिओस ही उपकरणं अनुक्रमे सौम्य आणि तीव्र क्ष-किरण मोजतात, म्हणजे चौथ्या पायरीतला नळ आणि बादली दोन्ही एकाच यानावर आहेत. इस्रोच्या प्रदान या संकेतस्थळावर नोंदणी केली की आदित्यची माहिती उतरवून घेता येते.

वहीतला क्रम तोच ठेवा: आलेख, चुंबकीय नकाशा, १३१, सर्वांत उभा चढ, १६०० मधल्या फिती, निवणाऱ्या कमानी. शेवटी लॅस्को लावा आणि पुढचे काही तास तपासा. १० सप्टेंबरसारखा ढग शोधूनही सापडणार नाही. एक्स६.३ सारखी मोठी ज्वाला, पण तिच्याबरोबर म्हणण्यासारखी सीएमई निघाली नाही. मग १३१ मध्ये परत जा, आणि या वेळी ती वर उठणारी काळी पोकळी दिसते का ते बघा.